कमरेएवढी बाग

वडलांना आता वाकता येत नाही,
म्हणून आम्ही जमीनच वर उचलायची ठरवली.

दगड ओढ्यापलीकडून आणले.
ढकलगाडीचं चाक दोनदा निखळलं,
मग आईनं चुंबळ केली
आणि डोक्यावरून आणले.
वडील ब्लँकेट पांघरून दाराशी बसलेले,
बसल्या जागेवरून हुकूम सोडत:
तो नको, त्याला आतून चीर आहे.
तो उलटा बसव.
तो राहू दे, त्याचं काम वरच्या थरात.
वेल्कोमच्या खाणीत सत्तावीस वर्षं
जमिनीखाली दगड फोडणारा माणूस
पहिल्यांदाच दगडावर दगड ठेवायला सांगत होता.
मध्येच खोकल्याची उबळ यायची.
आम्ही हातातला दगड तसाच धरून
थांबायचो.

गोल भिंत, कमरेला लागेल एवढी.
कुणाच्या कमरेला, तर त्यांच्याच.
मापासाठी त्यांना उभं केलं, तेव्हा
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं दिसली.
कुणी काही बोललं नाही.
टुमेलोनं कोळशानं दगडावर रेघ ओढली.

शेजारची मात्सेलिसो कुंपणापाशी थबकली,
म्हणाली, काय गं, थडगं बांधताय की काय?
आईचा चेहरा उतरला.
वडील हसले,
हसता हसता खोकले, खोकता खोकता म्हणाले,
थडगं असतं तर माप झोपून दिलं असतं.

भिंतीला एका बाजूनं फट,
माणूस आत शिरून उभा राहील इतकी.
मधोमध काटक्यांची उभी टोपली,
घरातलं उष्टं-खरकटं सगळं तिच्या पोटात:
चुलीतली राख, बटाट्याच्या साली, मेंढीचं हाड,
भांडी विसळलेलं पाणी,
टुमेलोच्या आंघोळीचं पाणी.
(मग पालकात थोडा मी पण असेन ना? तो विचारतो.)
तळाशी गंजके डबे,
मातीला लोखंड मिळावं म्हणून.
वडलांनी खाणीतला जेवणाचा डबाही टाकला.
आईनं तो बाहेर काढला.
त्यांनी पुन्हा टाकला.
तिनं पुन्हा नाही काढला.

जून आला.
आमच्याकडे जून म्हणजे
मालुतीच्या डोंगरांवरून उतरणारी थंडी,
बादलीत पाण्याऐवजी काच.
एका रात्री मी लघवीला उठले
तर ते बागेच्या फटीत उभे होते, नुसत्या सदऱ्यावर.
ब्लँकेट पालकावर पसरलेलं,
चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेले,
निवडून ठेवलेले असणार.
मला म्हणाले, आईला उठवू नकोस, न्थाती.

सकाळी ब्लँकेट पत्र्यासारखं ताठ झालेलं.
त्याखाली पानं हिरवी, जरा दबलेली.
त्या दिवशी खोकला थांबतच नव्हता.
आईनं पालक खुडला, धुतला, चिरला,
मक्याच्या घट्ट लापशीबरोबर वाढला.
मीठ जास्त पडलं होतं.
आम्ही ताटं चाटूनपुसून खाल्ली,
तिनं मात्र दिवसभर अबोला धरला.

मग भरपाईच्या कचेरीचं पत्र आलं.
हे तिसरं.
कामाचा क्रमांक कळवा, शाफ्टचा क्रमांक कळवा,
छातीचा फोटो पुन्हा काढून पाठवा.
क्रमांक त्यांना तोंडपाठ आहेत,
झोपेतसुद्धा सांगतात.
पत्र चुलीत गेलं, तिथून राख होऊन टोपलीत.
पाकीट मात्र जाड होतं, खाकी, कडेला डिंक शाबूत.

त्यात त्यांनी बी भरलं,
पुढच्या मोसमाचं.
जीभ फिरवून बंद केलं
आणि माझी पेन्सिल मागितली.
कचेरीच्या शिक्क्याखाली
सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं:

बीट.
पीचच्या झाडाला फूल दिसलं की पेरणे.
बोटाच्या एका पेरापुरतं खोल.
त्याहून खोल नको.