सात तारीख

नेरूळ, सेक्टर दहा. खाली झेरॉक्स, वर मी.
पाटीवरच्या ‘गुंतवणूक’मधला णू निम्मा उडालाय,
तरी माणसं बरोबर जिना चढतात.
प्रश्न घरूनच आणतात, डब्यासारखे:

किती शेअरमध्ये, किती एफडीत?
सोनं आत्ता घ्यावं की थांबावं?
बाजार पडलाय, एसआयपी बंद करू?
बाजार चढलाय, एसआयपी बंद करू?
मेव्हण्याचं ऐकू की तुमचं?

मी उलट विचारतो, पैसे लागणार कधी?
इथे बहुतेक जण पंख्याकडे बघतात.
किती तोटा झाला तर झोप उडेल?
निमिष तांडेल, महापेत नोकरी, नवा पगार,
म्हणाला, “सर, झोपतोच कुठे? नाइट शिफ्ट.”

ज्ञानदेव शेवाळे, माथाडी,
कांदा-बटाट्याच्या गाळ्यांत तीस वर्षं.
वाढलेलं थोडं विकायचं, मागे पडलेलं थोडं घ्यायचं,
वर्षातून एकदा तोल सावरायचा,
हे त्यांना समजावताना माझीच फेफे उडाली.
त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं.
“म्हंजी खांदा बदलायचा म्हना की.”
हो. पण कधी बदलायचा?
“दुखायच्या आधी. दुखल्यावर बदलाय गेलं की पोतं पडतं.”
हे वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं.
फी त्यांच्याकडून घेतली. शेवाळ्यांना एक चहा.

वत्सला दुदवडकर आल्या तेव्हा दुपारची लाइट गेली होती.
हिरवी फाइल, नाडीची.
नवरा सिडकोत ड्राफ्ट्समन, जानेवारीत गेला.
एकतीस योजना. मी दोनदा मोजल्या.
त्यातल्या सहांच्या पोटात त्याच त्या कंपन्या,
वरची नावं तेवढी निराळी.
“इतक्या कशाला घेतल्या असतील हो यांनी?”

जोखीम विभागली जाते, असं म्हणणार होतो.
शब्द दाताशी आला, मग नजर तारखांवर गेली.
एक फॉर्म मुलीच्या बारावीच्या निकालानंतरचा.
एक बायपासच्या आदल्या आठवड्यातला.
दोन, लागोपाठ,
बिल्डिंगच्या स्लॅबचा तुकडा शेजाऱ्यांच्या
पाळण्याशेजारी पडला, त्या जुलैतले. हे त्यांनीच सांगितलं.
सगळ्यांवर सही तीच, ड्राफ्ट्समनची,
पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ.

म्हटलं, पाच-सहा ठेवू, बाकीच्या हळूहळू काढू.
मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, रद्द केलेला चेक.
वीजबिलाच्या पाठीवर त्या लिहून घेत होत्या.
सहा महिन्यांचा खर्च आधी बँकेत बाजूला. तोही लिहिला.
“आणि ही पाचशेची?”

खातं दोघांचं. बँकेला कुणी कळवलंच नव्हतं,
त्यामुळे दर सात तारखेला पाचशे जात होते.
मेलेला माणूस चार महिने
एकही हप्ता न चुकवता गुंतवत होता.
माझ्या जिवंत गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांना हे जमत नाही.

“मेसेज येतो,” त्या म्हणाल्या. “फोन चार्ज करून ठेवते त्यांचा.
प्रिय श्री. दुदवडकर, आपला हप्ता मिळाला, म्हणून.
हे थांबवावंच लागेल का?”

लागेल, म्हटलं. नियम आहे. कळवायचं, मग सगळं तुमच्या नावावर होतं.
“मग मेसेज कुणाला येणार?”
तुम्हाला.

त्यांनी नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.
लाइट आली, पंख्यानं कागद उचलले,
ते आम्ही दोघांनी तळव्यांनी दाबून धरले.
“आज काय, पाच ना?”
पाच. बुधवार.
“शनिवारी येते मग. चालेल?”

भिंतीवर कॅलेंडर होतं, मी बघितलं.
चालेल, म्हटलं. फॉर्म काढून ठेवतो.