मसुराएवढा

डोकं पहिल्यांदा तासून घेतलं तेव्हा मी चौतीसचा.
वर उरलेल्या पंधरा-वीस केसांशी
रोज सकाळी कंगव्याने चाललेली तडजोड,
तिचाच कंटाळा आला होता.
सुपडूआप्पा वस्तरा पुसत म्हणाला, चला,
हिशोब एकरकमी मिटला.

मिटला कुठे.
मी मीटर वाचतो. अमळनेरच्या गल्ल्यांतून, जिन्यांखालून,
गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांना वळसा घालून.
मे महिन्यात, बारा वाजता,
बिबडे आणि मी एकाच वेळी कडक होतो.

केस होते तोवर डोकं म्हणजे केसच वाटायचे.
खाली कातडी असते, तिला तहान लागते,
ती ओरडत नाही, नुसती सुटत जाते
कांद्याच्या पापुद्र्यासारखी, उशीच्या अभ्र्यावर,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या उन्हाळ्यात खोबरेल चोपडून निघालो,
तर बायको दारातून म्हणाली,
तळून घ्यायला निघालात का?

मग शिकलो.
तेल रात्री, तेही चार थेंब.
अंगाचा साबण अंगालाच.
मेडिकलमधली ती महागडी ट्यूब
कानाच्या पाळीमागेही, मानेच्या वळीतही,
आणि दोन वाजता पुन्हा, कुणाच्या तरी ओट्यावर बसून,
पोरं हसतात तरी.
वरून ओला पांढरा रुमाल.
घाम पुसायचा नाही, टिपायचा.

महिन्यातून दोनदा आप्पाची खुर्ची.
गरम पाण्यातला टॉवेल, तो निवेपर्यंत बोरीच्या कोरड्या पात्राच्या गप्पा,
मग वस्तरा, केसाच्या कलाने, उलटा कधीच नाही.
शेवटी तुरटीचा खडा. झोंबतो. झोंबू द्यायचा.

माझाच माथा मी कधी नीट पाहिलेला नाही.
दोन आरसे धरले तर जो दिसतो
तो बँकेच्या रांगेत पुढे उभा असलेला कुणीतरी वाटतो.
आप्पाला मात्र पाठ आहे :
झोक्यावरून पडल्याची खूण कुठे,
बायकोशी भांडून आलो की कोणती शीर उभी राहते.

होळीनंतर एकदा त्याचा हात थांबला.
"साहेब, हाऊ डाग मांगला महिनामा नव्हता."
मोहरीएवढा, म्हणाला.
आखाजीला म्हणाला, मूग.
मी म्हटलं, उन्हाने असेल.
जूनमध्ये त्याने वस्तरा मिटून खिशातच घातला.
"मसूर व्हयना. आते जळगावले जा,
मंग दाढी-डोकं करसू."

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग धरलं.
बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत,
बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.
मग म्हणाल्या, उन्हाचं काम आहे. आत्ता साधं आहे,
पुढे राहिलं नसतं. कुणी पाहिला?
न्हाव्याने, मी म्हणालो.
त्यांनी तो शब्द कागदावर लिहिला.
थंड धुराचा एक फवारा,
बर्फाने चटका बसतो हे त्या दिवशी कळलं.

खपली पडल्यावर दुकानात गेलो.
दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, पंखा कुरकुरतोय.
आप्पाने बोटाने ती गुलाबी जागा चाचपली,
भोवतीने फिरला, तिला हात न लावता.
मग अचानक पुढ्यात येऊन
स्वतःच मान खाली घातली.
दाट केस, काळी मेंदी, मुळाशी पांढरे.
"चाळीस वरीस व्हयनात लोकेस्ना डोका दखस.
मन्हं कोनीच दखं नही.
जरा दखा बरं."

मला काय जमणार.
तरी मीटरच्या काचेवरची धूळ बाजूला करतो
तसे केस बाजूला करत गेलो, ओळीओळीने.
कातडी कोरडी होती. जिथे तिथे कोंडा.
तेल लावत नाहीस का रे, विचारलं.
येळ कव्हय मिळस, तो जमिनीकडे बघत म्हणाला.
शेंडीच्या जागेपाशी एक ठिपका होता.
"केवढा?"
मी खाली वाकलो, उजेडाकडे वळवलं त्याला,
घाई केली नाही.
मोहरी, म्हणालो.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर,
आजच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली,
पेन्सिलीने रीडिंग लिहिलं :
आप्पा. मोहरी.