निषेधासह भरले

मेम्फिसच्या दक्षिणेला, रुळांपलीकडे, आमचं यार्ड.
काटेरी तार, दोन कुत्री, एक खिडकी.
खिडकीत मी. रात्रपाळी.
छातीवरच्या बिल्ल्यावर ट्रॅव्हिस लिहिलंय,
तो माझ्या आधीचा.
नव्या बिल्ल्याचे चार डॉलर मालकाला जड जातात.

पहाटे तीन चाळीसला ती आली, पायी.
ओले केस, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी सपाता.
वर्लीन स्टोक्स, वय चोपन्न.
आंघोळीला गेली होती समोरच्या पंपावर;
बाहेर आली तर जागेवर
फक्त तेलाचा डाग.
अठरा चाकं आणि पोटात गोठवलेली कोंबडी,
परवा शार्लटला पोचवायची.

मी बिल काढलं. प्रिंटर खोकला.
हुक लावल्याचे बाराशे.
तीन मैल ओढल्याचे नऊशे.
रस्ता झाडल्याचे दोनशे
(काही सांडलं नव्हतं).
एका दिवसाची साठवण तीनशे
(सत्तावीस मिनिटं झाली होती).
प्रशासन, चारशे.
प्रशासन म्हणजे मी.
मला तासाला अकरा मिळतात.

तांदळातले खडे निवडावेत
तसं तिनं ते बिल वाचलं.
मग म्हणाली, शांतपणे, जणू हवापाण्याचं बोलतेय:
अकरा तास चालवलंस की दहा तास थांब,
असं कायदा म्हणतो.
कुठं थांब, ते म्हणत नाही.
पाटी कुठं होती?

पाटी होती. झुडपात.
आमच्याच माणसानं ठोकलेली,
रस्त्याकडे पाठ करून.
मी म्हटलं, बाई, आधी पैसे.

तिनं टॉवेलच्या घडीतून एक कार्ड काढलं,
प्लास्टिकमध्ये बंद, कोपरे चावल्यासारखे.
ओथा बेल नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं
कुठल्याशा चर्चच्या तळघरात शंभरेक जणांना वाटलेलं.
मोठ्या टायपात, चष्मा नसला तरी वाचता यावं म्हणून:
कलमवार बिल मागा.
उचलण्याआधीचे फोटो मागा.
औषधं मागा, ती ट्रकची नसतात, तुमची असतात.

माझं इन्शुलिन फ्रीजमध्ये आहे, ती म्हणाली.
ट्रक अडवलायस ना? अडव.
मी काही ट्रक नाही.

मॅनेजरला फोन लावला. झोपला होता.
म्हणजे माझ्यावर आलं.
किल्ल्या घेतल्या. कुत्री भुंकली नाहीत,
का कोण जाणे.
तिच्या केबिनमध्ये कांद्याचा आणि मलमाचा वास,
काचेला चिकटवलेलं नातवाचं चित्र:
ट्रकला आठच चाकं, पण शिट्टी मात्र भलीमोठी.

तीन हजार तिनं भरले. तीन कार्डांवर वाटून,
तिसरं दोनदा नाकारलं गेलं.
मग पेन मागितलं आणि पावतीच्या दोन्ही प्रतींवर,
सहीच्या वर, दाबून लिहिलं:
निषेधासह भरले.

यानं काय होतं? मी विचारलं.
खरंच विचारलं, टोमणा नव्हता.
आत्ता? काही नाही, ती म्हणाली.
फाटकातून ट्रक वळवताना तिनं आरसा जरा
आत ओढून घेतला, आमच्या खांबाला लागू नये म्हणून.

ती प्रत मी खणात ठेवली. फाडायचा नियम होता.

सप्टेंबरात पाकीट आलं. ट्रॅव्हिसच्या नावानं नाही.
मालकानं माझ्यासाठी कॉफी आणली, पहिल्यांदाच.
म्हणाला, तुला काय आठवणार, रोज इतके येतात.
कुंपणानं शेत खाल्लं, असं म्हणतात.
मी त्या कुंपणाची एक तार,
तासाला अकरा डॉलरवर ताणलेली.

कोर्टात ती दुसऱ्या बाकावर होती.
या वेळी केस कोरडे, विंचरलेले.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, चष्मा पुसत बसली.
पूर्ण नाव सांगा, असं म्हटल्यावर
मी ते अक्षर अक्षर सांगितलं:
ऑगस्टीन मेबरी. बिल्ला खिशात होता.

आता सांगा, पाटीचं तोंड कुठल्या दिशेला होतं?

मी पाणी मागितलं.
पेला रिकामा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही.
मग मी हात वर केला
आणि झुडपाकडे वळवला.