मधला वखत

तिसऱ्यात घालून पाय दिला
की फियाट थबकते.
बंद पडत नाही. नुसती थबकते,
कुणी नाव विचारल्यासारखी,
मग ओढते.

उद्यमनगरात इलाही मिस्त्रीनं पॉइंट घासले,
टायमिंग चिमूटभर पुढं घेतलं,
प्लग पुसून उन्हात धरले.
सिग्नल सुटला, तरी तेच.

"टाकीत गूळ न्हाई न्हवं?" हसला.
मामा हिच्यातनंच शाहूपुरीला
सौद्याचे नमुने न्यायचे;
सीटखालनं अजून मुंग्या निघतात.

चौथ्या दिवशी कार्बोरेटर उघडला.
पंपाच्या पडद्याला नखाएवढी चीर.
"पाय दिला की आदी हवा येती,
पेट्रोल मागनं.
मधल्या वखताला हितं कायबी नसतंय."

मामा फोन उचलायचे
तेव्हा आधी असंच काहीबी नसायचं.
श्वाससुद्धा नाही.
मग: "बोल."

नवा पडदा बसला. आता शिरोलीपर्यंत
सलग ओढते, एका दमात,
जरा परकीच वाटते.

जुना मी रुमालात बांधून घेतला.
"त्यो कशाला?" मिस्त्रीनं विचारलं,
हात रॉकेलात बुडवलेले.

मला पटकन सांगता आलं नाही.