भराव

ग्वायाकिलच्या दक्षिणेला तेव्हा जमीन संपायची,
माणसं संपायची नाहीत.
खाडीच्या चिखलात बांबू रोवून त्यावर घरं,
दारादारांमध्ये एकेका फळीचा पूल.
भरतीला खालून पाणी बोलायचं,
ओहोटीला नुसता वास.
पोरं चालण्याआधी तोल सांभाळायला शिकत.
एउदोसिया तोमालाची धाकटी नाही शिकली.
तिचं नाव मी इथे लिहीत नाही.

मी डंपर चालवायचो. सरकारी, निळा,
दारावर राष्ट्राध्यक्षांचं चित्र,
बाह्या वर सरकवलेल्या.
तो एकदा त्या फळीवरून चालत आला होता, खरंच,
बूट हातात घेऊन.
एउदोसियाच्या चुलीपाशी बसला,
तळलेलं केळं खाल्लं, बोटं चाटली,
आणि धाकटीचं नाव विचारलं.
त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.
पुढच्या सोमवारी खाणीतून दगड निघाला.

हे आधी सांगतो,
कारण वरच्या वस्तीतले लोक नेमकं हेच गाळतात:
दगड खरा होता.
पहिली खेप ओतली तेव्हा पाणी दोन्हीकडे पळालं,
आणि म्हाताऱ्या सेनोबियोने चपला काढून
त्या ओल्या दगडांवर पाऊल ठेवलं,
परक्याच्या देवघरात ठेवावं तसं.

मग यादी आली.
गल्ल्या, गल्ल्यांपुढे आकडे,
आकडे म्हणजे सभेला आलेली डोकी.
एकोणिसाव्या गल्लीत एरास्मो मास्तर राहायचा.
त्याने भर चौकात विचारलं, खाण कुणाच्या मेव्हण्याची?
माझा डंपर अठराव्या गल्लीच्या टोकाशी थांबला.
"इथवरच," शेजारी बसलेला मुकादम म्हणाला.
मागे हौद्यात अर्धा दगड शिल्लक होता.

त्याच वर्षी न्यायालयाला कुलूप लागलं.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.
आमच्यातलं कोण गेलं होतं तिथे कधी,
हात बांधलेले नसताना?
वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा
मासे गुंडाळायला कागद मिळेना, इतकंच जाणवलं.
एरास्मो मास्तरला पहाटे नेलं,
होडीतून,
कारण त्याच्या दारापर्यंत रस्ता नव्हता.

एउदोसियाला जागेचा कागद मिळाला.
सोनेरी कड, त्याची सही, त्याचा फोटो.
तिने तो काचेत बसवून लावला,
खिळ्याला टांगलेल्या एका छोट्या फ्रॉकशेजारी.
तिच्यासाठी मी नोंदणी कचेरीत गेलो.
कारकुनाने बोट फिरवत फिरवत पान उलटलं.
"इथे खाडी आहे," म्हणाला,
"नकाशात अजून पाणीच आहे, बाबा.
साहेब आहेत तोवर जमीन."

मी हे तिला सांगितलं. तिला ठाऊक होतं.
म्हणूनच गुडघे धरून ती प्रत्येक सभेला जाते,
उन्हात उभी राहते, झेंडा हलवते.
"भीतीने?" मी विचारलं.
ती मासा खरवडत होती, वर न बघता म्हणाली,
"फार शहाणा झालास.
तुझ्या आधीच्या शहाण्यांनी मला
चाळीस वर्षं चिखलात ठेवलं.
कायद्याने."

मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही कधी कधी डंपर चालवताना
मी तिच्याशी भांडतो, आणि हरतो,
आणि मग एकोणिसाव्या गल्लीच्या वळणावर
जिंकतो, आणि ते जास्त वाईट असतं.

गेल्या महिन्यात एका रात्री, यादीत नसताना,
दिवे विझवून मी तिकडे एक खेप ओतली.
चिखलाने गिळली.
सकाळी पाणी जसंच्या तसं, वर एक टोपली तरंगत.
मास्तरच्या बायकोने मात्र लांब बांबू घेतला,
तळ चाचपला,
एका जागी थांबली. पुन्हा टोचून पाहिलं.

"कुणी पाठवलं?" तिने विचारलं.
"कुणीच नाही," मी म्हणालो.

तिला ते पटलं नाही.