धारेची मूठ

कोल्हापूरची बाई 'जाते' म्हणत नाही, 'जातो' म्हणते.
मीपण म्हणतो,
गंगावेशीच्या कट्ट्यावर, पहाटे पाचला,
गिऱ्हाईक चरवी पुढं करतंय तोवर, मोठ्यानं.
एवढंच एक बारा वर्षं तोंडातनं निघालं नाही:
अंग बाहेर येतंय.

किटली उचलली की जड, खोकलं की जड,
उंबऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखं,
आत येईना, जाईना.
बोटानं सारायचं, हात धुवायचे,
वैरण टाकायची.

मग हरणीचं झालं.
तिसऱ्या वेताला मायांग बाहेर, रात्री दीड वाजता.
मालकांनी गाडीला किक मारली, उचगावातनं डॉक्टर उठवून आणला.
दोघांनी शेपटी धरली, एकानं पाणी ओतलं,
घरातली होती नव्हती ती साखर लावली सुजेला.
बॅटरी माझ्या हातात.
उजेड हलायला लागला.
"नीट धर की," मालक म्हणाले.
मी म्हटलं, "माझंबी असंच हाय."

गोठ्यात फक्त रवंथ.
डॉक्टरानं हातमोजा काढला,
"मावशी, मी जनावरांचा.
पण उद्याच्या उद्या जावा."

आता सातवा आठवडा.
सुनेनं कागद लिहून फ्रीजला चिकटवलाय:
दोन किलोच्या वर उचलायचं नाही
(म्हणजे दीड लिटर दूध नि चरवी, मला काटा नको),
उकिडवं बसायचं नाही, कुंथायचं नाही,
रात्री इसबगोल, सकाळी पपई.
तिसऱ्या आठवड्यात कुणी बघत नव्हतं
म्हणून अर्धी बादली उचलली.
लुगड्याला बोटभर लाल.
न्हाणीत बसून रडलो, टाका उसवला म्हणून.
उसवला नव्हता.
डॉक्टरीणबाई ओरडल्या मात्र चांगल्या.

लघवीची नळी निघाली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.
दोन तास काही नाही. नर्स नळ सोडून उभी.
आणि मग रिकाम्या चरवीत
पहिली धार पडते तसा आवाज.
मला हसूच आलं.

मुजावर मॅडम व्यायाम शिकवायच्या.
"आत ओढा. धरा. दहा मोजा. सोडा."
मी पोट ओढलं, दात आवळले, मांड्या आवळल्या.
"मावशी, हे सगळं बाहेरचं.
तुम्ही काम काय करता?"
"धारा काढतो."
"मग मूठ दाखवा."
हवेतच धरली.
अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत, वरनं खाली.
"अशीच. पण आता खालनं वर."

आणि कुठंतरी,
जिथं माझं म्हणून काही असेल असं कधी वाटलं नव्हतं,
एक बारीक करंगळी हलली.

"आता सोडा. न सोडता दूध येतं का?"

मालक आता स्वतः धारेला बसतात.
हरणी लाथ मारते.
मी खुर्चीवरनं सांगतो, आधी बोटं ओली करा,
जरा बोला तिच्याशी.
ते बोलत नाहीत. लाथ खातात.
पण किटली तेच उचलतात, आणि परवा
माझ्याकडं न बघता विचारलं, "दुखतंय का अजून?"

पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत, मग स्टँडपर्यंत,
आता रंकाळ्याच्या कठड्यापर्यंत चालतो.
काल तिथं कुसुम पोवार भेटली.
"कसलं ऑपरेशन म्हणं? पोटाचं?"
घरच्यांनी तसंच सांगितलंय गल्लीत.
"पोटाचं न्हवं. अंगाचं," मी म्हटलं,
कट्ट्यावरच्या आवाजात.
भेळवाल्यानं मान वळवली.

कुसुमनं पाण्याकडं बघितलं बराच वेळ.
मी खालनं वर मूठ आवळली,
आठ, नऊ, दहा, सोडली.
ती जरा सरकून बसली,
पदर सारखा केला,
आणि हळू विचारलं,
"त्या डॉक्टरीणबाई
सोमवारी असतात का?"