रकाना बावीस

देवनार, तिसरा मजला. पावणेसात.
शिपाई गॅलरीतले दिवे एकेक मालवत येतोय
आणि मी वीस उत्तरं समोर मांडून बसलेय.

प्रश्न एकच होता:
आईच्या हातात महिन्याला हजार रुपये जास्त आले
तर बाळाचं वजन किती ग्रॅमनं वाढतं?
बैंगनवाडीतली सहाशे बारा घरं.
त्यातल्या एकशे नव्वद घरांचा
रकाना बावीस, मासिक उत्पन्न, कोरा.

कोरा म्हणजे शून्य नव्हे,
हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
कोरी घरं गाळली
तर जी बोलली तेवढीच वस्ती उरते.
म्हणून संगणकाला म्हटलं, तू भर.
बाईचं वय, पोरं किती, पाणी कुठून आणते,
यावरून अंदाज बांध.
पण एकदाच नको,
एकदा भरलेलं खरं वाटायला लागतं.
वीसदा भर.

घर चारशे सतरा.
पहिल्या प्रतीत ही बाई चार हजार दोनशे कमावते,
सातवीत अकरा हजार,
तेरावीत नऊशे.
वीस जणी, आणि मूल एकच:
दोन किलो तीनशे दहा.

दुपारी डॉ. मिस्किटांचा फोन.
"एकच आकडा द्या हो, तक्ता छापायला जायचाय."

एक आकडा सोपा.
वीस गुणकांची बेरीज, भागिले वीस: अडतीस.
खरं काम त्याच्या पुढे.
प्रत्येक प्रत आपल्या जागी किती डळमळते, त्याची सरासरी.
मग त्या आपसांत किती भांडतात, तेही धरायचं,
वर भांडणाचा विसावा हिस्सा,
कारण प्रती वीसच काढल्या, अगणित नाही.
सगळं मिळवून वर्गमूळ.
अकराची त्रुटी सतरावर गेली.

तेवढ्यात कुंदा घोलप, विसरलेला डबा न्यायला.
पडद्यावर चारशे सतरा बघून थबकली.
"हिनं तर सांगितलं होतं की."
मग कोरा का?
"मॅडम, मी विचारलं, महिन्याला किती मिळतं.
मणी ओवत होती. मान वर न करता म्हणाली,
कोणत्या महिन्यात?
रमजानच्या आधी रात्रंदिवस काम,
नंतर दोन महिने सेठ फोन उचलत नाही.
फॉर्मवर चौकोन पाच. त्यात हे कसं बसवू?"

ती गेल्यावर मी सातवी प्रत उघडली.
रमजानच्या आधीची वाटली.
तेरावी उघडली, सेठ फोन उचलत नाही तेव्हाची.
संगणकाला यातलं काही ठाऊक नव्हतं.
मला ठाऊक आहे की त्याला ठाऊक नव्हतं.
तरी पुन्हा सातवी उघडली.

एकत्रित निकालाच्या तळाशी
आर-वर्गाच्या चौकटीत प्रणालीनं काहीच लिहिलेलं नाही.
वीस तक्त्यांत वीस आहेत,
एकत्र मात्र कोरं.
उद्या मिस्किटा विचारतील, इथे काय राहिलं?

शिपायानं माझ्या डोक्यावरचा दिवा मालवला,
"अरे, सॉरी मॅडम," म्हणून परत लावला.
मधल्या अंधारात
मी अडतीसच्या पुढे
अधिक-उणे टाइप करून ठेवलं होतं.